डायनासोर माफ, डीबीडीएन नाही

सदाशिव अमरापूरकर हिंदीत जाऊन वाया गेले, हे वर्षानुवर्षं माझं ठरलेलं वाक्य होतं. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत चहाच्या टपरीवर, बँकेत दुपारच्या डब्याला, सावेडीतल्या कट्ट्यावर, जिथे विषय निघेल तिथे मी ते टाकायचो. समोरचे माना डोलवायचे. नगरमध्ये हे वाक्य खपायला अडचण नव्हती. नोकरी सांभाळून तोंडाला रंग लावणाऱ्या आम्हा हौशी मंडळींना त्यात एक गुप्त दिलासाही होता. तो मोठा झाला, पण बघा, बिघडला. आम्ही इथेच राहिलो, निदान शुद्ध राहिलो.

आता मी ते वाक्य म्हणत नाही. मत एका दिवसात बदललं नाही आणि पूर्ण बदललंय असंही नाही. पण बदललंय ते कसं, हे लिहून ठेवावंसं वाटतं. कारण त्या मताच्या मुळाशी अमरापूरकर कमी आणि मी जास्त होतो.

माझी बाजू तशी कच्ची नव्हती. 1983 साली आलेला 'अर्धसत्य' आठवा. गोविंद निहलानींचा चित्रपट, श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवर बेतलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरींचा सबइन्स्पेक्टर वेलणकर सगळा चित्रपट अंगावर वागवतो. अमरापूरकरांच्या रामा शेट्टीला त्यात मोजके प्रसंग आहेत. पण पहिल्या भेटीतच खाकी वर्दीतला तरणाबांड अधिकारी अवघडतो आणि समोरचा माणूस घरच्या कपड्यांत निवांत असतो. तो आवाज चढवत नाही, डोळे वटारत नाही. आवाज किंचित नाकातला. तरुणपणी अमरापूरकर गाणं शिकत होते आणि या नाकातल्या आवाजापायीच ते सुटलं, असं सांगतात. गाण्याचं जे वैगुण्य होतं, ते रामा शेट्टीत भीतीचं हत्यार झालं. ज्याला ओरडायची गरजच पडत नाही, कारण सगळे आधीच ऐकतायत, अशा माणसाचा तो आवाज होता. त्या कामाला फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तेंडुलकरांचं 'कन्यादान' रंगमंचावर आलं, त्याचं दिग्दर्शनही अमरापूरकरांचं. तेंडुलकरांच्या दोन संहिता एका वर्षात, एकीत नट आणि दुसरीचा दिग्दर्शक. नगरहून गेलेला, पुणे विद्यापीठातून इतिहासात एम. ए. केलेला, तिशी नुकती ओलांडलेला माणूस! आमच्या छात्या उगाच फुगल्या नव्हत्या.

आणि मग 1987 साली 'हुकूमत' आला. त्यातल्या खलनायकाचं नाव दीनबंधू दीनानाथ, थोडक्यात डीबीडीएन. धर्मेंद्र एका बाजूला, हा दुसऱ्या बाजूला. आशा टॉकीजचा पडदा फाटतो की काय असा आवाज. चित्रपट तुफान चालला आणि त्याच साच्यातले पुढचे येत राहिले: 'खतरों के खिलाडी', 'एलान-ए-जंग', 'फरिश्ते'. मध्येच 'आँखें'मधला इन्स्पेक्टर प्यारेमोहन, 'इश्क'मधला श्रीमंत बाप. रामा शेट्टीला पाहिलेल्या माणसानं हे सगळं पाहून हळहळायचं नाही तर काय करायचं? मी हळहळलो, आणि हळहळ फुकट असते म्हणून खूप वर्षं हळहळलो.

पहिला धक्का भलत्याच दिशेनं बसला. टाळेबंदीत मुलानं घरच्या टीव्हीवर जगभरचे चित्रपट दिसण्याची सोय करून दिली आणि मी इंग्रजी चरित्र अभिनेत्यांच्या नादाला लागलो. त्यात पीट पोस्टलथ्वेट सापडला. चेहऱ्याची हाडं वर आलेली, नायकाच्या वाटेला कुणी फिरकू देणार नाही असं रूप. 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये त्यानं निरपराध असून तुरुंगात खितपत पडलेला बाप केलाय. त्या कामासाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. मी दोन दिवस सुन्न होतो. मग त्याचं मिळेल ते पाहत सुटलो, तर हे महाशय 'ज्युरासिक पार्क'च्या दुसऱ्या भागात खांद्यावर बंदूक टाकून डायनासोरच्या शिकारीला निघालेले! मी खूश. कट्टा पुन्हा भरायला लागल्यावर मी सगळ्यांना ऐकवलं की खरा नट कसा असतो बघा, समोर रबराचा राक्षस असला तरी हा इमान सोडत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये एकांकिका करणारी एक मुलगी आहे. ती शांतपणे म्हणाली, "काका, मग आपल्या डीबीडीएननं काय घोडं मारलंय?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू उतरलं होतं. वॉरिंग्टनच्या माणसाला डायनासोर माफ आणि नगरच्या माणसाला डीबीडीएन माफ नाही, हा न्याय कुठला? पोस्टलथ्वेट माझा कुणी नव्हता. त्याच्याकडून माझं काही येणं नव्हतं. अमरापूरकरांकडून मात्र मी वसुलीला बसलो होतो. त्यांनी माझ्या वतीनं मोठं व्हायचं, आणि तेही मला आवडेल अशाच चित्रपटांतून.

तसं नगरनं (आता कागदोपत्री अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) नट पुरवण्यात कधी हात आखडता घेतलेला नाही. एप्रिल 1918 या एकाच महिन्यात इथे दोन नट जन्मले. एक स्पाइक मिलिगन, ब्रिटिश लष्करातल्या आयरिश बापाचा मुलगा, ज्यानं पुढे इंग्लंडला रेडिओवरून आणि टीव्हीवरून वेड्यासारखं हसवलं. दुसरे शाहू मोडक. ख्रिस्ती घरातला हा मुलगा पडद्यावर इतक्यांदा कृष्ण झाला की लोकांच्या डोळ्यांपुढे कृष्ण म्हणून तोच चेहरा यायचा. एकाच साच्यात अडकले म्हणून शाहू मोडक वाया गेले, असं मी नगरमध्ये कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. देवाच्या साच्यात अडकणं बहुधा अडकणं धरत नाहीत. गुंडाच्या साच्यात अडकला की मात्र घराण्याला बट्टा.

मग मी ते जुने चित्रपट पुन्हा पाहिले. शिक्षा म्हणून सुरुवात केली, पण बघता बघता वेगळंच काही दिसायला लागलं.

एक तर चरित्र अभिनेता चित्रपट निवडत नाही, हे मला रंगभूमीवर इतकी वर्षं काढून कळायला हवं होतं. नायक हो-नाही म्हणू शकतो, त्याच्यासाठी संहिता थांबते. चरित्र अभिनेत्याच्या दारात निर्माता येतो तोच मागच्या यशाची नक्कल मागायला. 'अर्धसत्य'नंतर आले ते रामा शेट्टी मागत आले, 'हुकूमत'नंतर आले ते डीबीडीएन मागत आले. त्या काळच्या हिंदी चित्रपटाला दर शुक्रवारी एक खलनायक लागायचा. निहलानी काही दर शुक्रवारी चित्रपट काढत नव्हते. बाकीचे दिवस नटानं काय करायचं? आम्ही बँकेत जात होतो. ते सेटवर जात होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्या कलेची शुद्धता कुणी तपासत नव्हतं, पगार जमा होत होता. त्यांच्याकडे मी कलेचा हिशेब मागत होतो तो या पगाराच्या जोरावर.

दुसरं, तो आरडाओरडा. मला तो नेहमी भडक वाटायचा. पण मी तो कुठे ऐकला होता? पंखे खडखडतायत, पुढच्या रांगा शिट्ट्या मारतायत, स्पीकर फाटलाय, दार उघडं टाकून कुणी शेंगा विकतोय. अशा टॉकीजमध्ये कुजबुजणारा खलनायक पोचलाच नसता. आमचा जिल्हा तमाशाचा. संगमनेरचं नाव कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकरांच्या फडामुळे अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जत्रेत उघड्या मैदानावर वगातला दुष्ट सरदार शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकतो, तेव्हा मी त्याला दाद देतो. काय फेक आहे म्हणतो! तीच फेक हिंदीत ऐकली की मी नाक मुरडत होतो. 'हुकूमत' आता हेडफोन लावून बघितला तर कान किटतात, कबूल. पण तो हेडफोनसाठी केलेलाच नव्हता.

तिसरं सगळ्यात गमतीचं. 'कुली नं. 1' मी नातवाबरोबर पाहिला. गोविंदाचा चित्रपट, कादर खानचा चित्रपट, असंच आपण म्हणतो. पण गोष्ट चालते ती शादीराम घरजोडेच्या अपमानावर, आणि शादीराम म्हणजे अमरापूरकर. लग्नं जमवणारा साधा मध्यस्थ. पैशाच्या घमेंडीतला मुलीचा बाप त्याला हिडीसफिडीस करून घालवतो आणि हा मनात गाठ मारतो की या माणसाच्या मुलीचं लग्न हमालाशीच लावीन. आजूबाजूला सगळे पोरकटपणा करत असताना हा माणूस दुखावला जाणं मात्र खरं दाखवतो. अपमान गिळताना चेहऱ्यावरचं ओशाळं हसू क्षणभर तसंच राहतं आणि मग डोळे बदलतात. ते आत कुठेतरी झोंबलं नसतं, तर पुढचा सगळा धुडगूस बिनपायाचा झाला असता. असा पाया घालणाऱ्या नटाचं नाव पोस्टरवर लहान अक्षरांत असतं. मी ज्याला वाया जाणं म्हणत होतो, त्याचं बरंच मोठं क्षेत्रफळ हे असं होतं.

या सगळ्याच्या बऱ्याच आधी, मार्च 2013 मध्ये, एक गोष्ट घडली होती आणि तेव्हाही मी तिचा अर्थ माझ्या सोयीनं लावला होता. तो दुष्काळ इथल्या लोकांना वेगळा सांगायला नको. कर्जत, जामखेड, पारनेर, पाथर्डीकडे चारा छावण्या पडल्या होत्या, टँकरच्या खेपांवर गावं जगत होती. ज्या जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारनं पाणी अडवायचा धडा देशाला दिला, त्याच जिल्ह्यातली बाकीची गावं हंडे घेऊन रस्त्यावर बसली होती. त्या दिवसांत मुंबईत वर्सोव्याला अमरापूरकरांच्या घराजवळ होळीनिमित्त रेन डान्स लागला. पाणी असं उधळू नका, राज्यात दुष्काळ आहे, हे सांगायला बासष्टीचा माणूस खाली उतरला आणि तिथल्या काही जणांनी त्याला मारहाण केली.

बातमी वाचून मी म्हणालो होतो, "पडद्यावर दहा जणांना लोळवणारा बघा." हशा मिळाला होता. आज ते वाक्य आठवलं की स्वतःचीच चीड येते. शिवाय ते चुकीचंही होतं. पडद्यावर हा माणूस शेवटी कायम मारच खात आला होता, लोळवणारे दुसरेच असत.

पोस्टलथ्वेटचं पुढचं वाचलं तेव्हा हे जास्त टोचलं. त्यानं 2009 साली 'द एज ऑफ स्टुपिड' केला. तापून उजाड झालेल्या जगात 2055 साली एकटाच उरलेला म्हातारा जुनी चित्रणं बघत विचारतो की वेळ होती तेव्हा आपण काही केलं का नाही. पडद्याबाहेर कोळशावरच्या नव्या वीजकेंद्राला परवानगी दिलीत तर मिळालेला राजसन्मान परत करीन, असं त्यानं सरकारला बजावलं होतं. हे वाचून मी भारावलो होतो. म्हणजे इंग्लंडमधला नट हवापाण्यासाठी बोलला तर तो निष्ठावान कलावंत, आणि आमचा नट पाण्यासाठी मार खाऊन आला तर चहासोबत कोटी!

अमरापूरकरांचं हे वागणं एकाएकी उगवलेलंही नव्हतं. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर, बाबा आढाव या मंडळींनी पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. त्यासाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे नामवंतांना घेऊन प्रयोग झाले. त्या वर्तुळात अमरापूरकर होते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर होते. नगरमध्ये स्नेहालयसारख्या संस्थांच्या पाठीशी होते. जवळचे त्यांना तात्या म्हणत. मी जवळचा नव्हतो. कार्यक्रमांत लांबून पाहायचो आणि मनात म्हणायचो की हिंदीतली पापं धुतायत. डीबीडीएनच्या ओळखीमुळे सभेला गर्दी होते आणि गर्दीपुढे कार्यकर्त्याला बोलता येतं, एवढा साधा व्यवहार माझ्या ध्यानात आला नव्हता.

याचा अर्थ आता मला सगळं गोड लागतंय असा नाही. 'एलान-ए-जंग' पुन्हा लावला तेव्हा अर्ध्या तासात बंद केला. त्या रांगेतले काही चित्रपट असे आहेत की तिथे अमरापूरकरच काय, कुणीही असता तरी फरक पडला नसता, आणि त्यांनाही तो पडत नव्हता हे पडद्यावर दिसतं. त्या दहा वर्षांत मराठी रंगभूमीला त्यांच्याकडून आणखी दोन-तीन नाटकं मिळाली असती तर बरं झालं असतं, हे मत मी सोडलेलं नाही. 'कन्यादान'चा दिग्दर्शक पुढे दिग्दर्शक म्हणून फार दिसला नाही, ही खंत खरी आहे. पण खंत वेगळी आणि निकाल वेगळा. मी निकाल देऊन बसलो होतो.

शिवाय निकाल देताना मी पुरावेही निवडून घेतले होते. 1979 च्या '22 जून 1897'मध्ये टिळक झालेला आणि 1988 साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये महात्मा फुले झालेला नट एकच, हे मी कधी बोलताना जोडलं नाही. टिळक आणि फुले! महाराष्ट्रात ही दोन नावं एका वाक्यात घ्यायची तर वादाची तयारी ठेवावी लागते, आणि इतिहासात एम. ए. झालेल्या या माणसानं दोघांनाही स्वतःचा चेहरा दिला. 'हुकूमत' आणि फुले यांच्यात फारसं अंतर नाही. माझ्या हिशेबानं त्या वेळी तो वाया जाण्याच्या मार्गाला लागलेला होता.

2013 च्या मे महिन्यात, होळीच्या त्या प्रकारानंतर दोनेक महिन्यांनी, 'बॉम्बे टॉकीज' आला. त्यात दिबाकर बॅनर्जींची गोष्ट सत्यजित राय यांच्या 'पटोलबाबू, फिल्मस्टार' या कथेवर आहे. नवाजुद्दीन सिद्दिकीचा चाळीत राहणारा अपयशी पुरंदर शूटिंग बघायला जातो आणि त्याला एक चिमूटभर काम मिळतं. नायकाला धडकायचं, संपलं. हिरमुसलेल्या पुरंदरपुढे त्याचा मेलेला नाट्यगुरू येऊन उभा राहतो आणि काम लहान म्हणून तोंड वाकडं करणाऱ्या शिष्याची खरडपट्टी काढतो. गुरूच्या भूमिकेत अमरापूरकर. तेव्हा मला वाटलं होतं की चला, शेवटी एक बरं काम मिळालं. आता पाहताना वाटतं, ती भूमिका त्यांच्याइतक्या अधिकारानं दुसरं कोण बोलणार? चिमूटभर कामाला पाठ न दाखवण्याची फी त्यांनी तीस वर्षं भरली होती. पुढच्या वर्षी, 3 नोव्हेंबर 2014 रोजी मुंबईत ते गेले. अंत्यसंस्कार नगरला झाले.

परवा कट्ट्यावर त्याच मुलीशी वाद झाला, तेव्हा मी 'सडक' आणि 'दोघी' शेजारी ठेवले. 1991 चा 'सडक' महेश भटांचा. त्यातली अमरापूरकरांची कुंटणखाना चालवणारी महाराणी सगळ्यांना आठवते. भपका, टाळ्या, नखरा, खुनशीपणा, आणि वर फिल्मफेअरचा त्या वर्षी नव्यानंच सुरू झालेला खलनायकाचा पुरस्कार. 1995 चा 'दोघी' सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. त्यात अमरापूरकर शिवुदास मामा आहेत. खेड्यातली उद्ध्वस्त झालेली बहीण, तिच्या दोन मुली, घरात दाणा नाही. मामा थोरल्या भाचीला मुंबईला नेतो आणि ती धंद्याला लागते. चार वर्षांच्या अंतरानं एकाच नटानं एकाच व्यवहाराची दोन टोकं केली आहेत. एक बाजार मांडून बसलेली, दुसरा मुलीला तिथवर पोचवणारा. महाराणीत जे जे म्हणून आहे, ते मामात औषधालाही नाही. तो पायजमा-टोपीतला, आपल्या कुठल्याही लग्नात पंगतीला शेजारी बसलेला वाटावा असा माणूस आहे. मुलगी म्हणाली, महाराणी ग्रेट. मी म्हणालो, भीती मामाची वाटते, कारण महाराणी दिसली तर आपण पळून तरी जाऊ. तिचं म्हणणं, महाराणी जोरात केली नसती तर मामा इतका हळू करता आला नसता. एकाच घशातले दोन आवाज आहेत, एकाची किंमत दुसऱ्यातून वजा कशी करणार? ते मला पटलेलं नाही. 'दोघी' तिनं अजून अर्धाच पाहिलाय. पुरा बघून ये, मग बोलू, असं सांगितलंय, आणि तिनं मला 'हुकूमत' तिसऱ्यांदा बघायला लावलाय.